शंभर वॅटचा बल्ब वगळून बाकी सर्व

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बावन्न, धंदा अँप्लिफायर दुरुस्ती, मुक्काम दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाशिवाय आणि बायकोच्या देखरेखीखाली हे लिहून ठेवतो. माझ्या माघारी काय व्हावे ते पुढे येईलच. आधी माझ्या हयातीत काय झाले त्याची नोंद व्हावी.

गेल्या सोमवारी सकाळी मी रक्त तपासायला गेलो असताना माझ्या मेहुण्याने माझ्या सिरीज बोर्डावरचा शंभर वॅटचा, तारेचा, पिवळ्या उजेडाचा बल्ब काढला आणि त्या जागी नऊ वॅटचा एलईडी लावला. वर मला म्हणाला, "भावोजी, केवढी वीज खात होता तो! आता पुढचं बिल बघा." माणसाच्या आयुष्यात अपमान होतात, चोऱ्या होतात, दाढा काढाव्या लागतात. ते सगळे मी सोसले आहे. पण असले उपकार सोसण्याची ताकद माझ्यात नाही.

सिरीज बोर्ड म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, आणि माझ्या वारसांत ते कोणालाच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी लिहितो. आजारी अँप्लिफायर थेट विजेवर लावायचा नसतो. वाटेत एक बल्ब ठेवायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, मार स्वतः खातो आणि अँप वाचतो. आत सगळे ठाकठीक असेल तर बल्ब क्षणभर पेटून मंदावतो. त्याचे काम पहाऱ्याचे. उजेड ही त्याची हौस. त्याच्या जागी एलईडी लावणे म्हणजे दारातला कुत्रा सोडून देऊन भिंतीवर कुत्र्याचे चित्र टांगणे.

तक्रार संपली. आता कारण.

माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. येत्या शुक्रवारी ती बदलणार आहेत. "अगदी रूटीन आहे," सर्जन म्हणाले. हे वाक्य मी गिऱ्हाइकांना सव्वीस वर्षे ऐकवत आलो आहे, आणि बहुतेक वेळा तोवर मी झाकणसुद्धा उघडलेले नसते. तरी माणूस मला पटला. त्यांनी आधी कानात नळ्या घालून ऐकले, मग बोटांनी ठोकून पाहिले आणि मगच मशिनकडे वळले. क्रम बरोबर होता. मी विचारले, "डॉक्टर, मशीन पेशंटला लावायच्या आधी मशीन तपासता ना?" ते म्हणाले, "रोज सकाळी." तेव्हा मी त्यांच्या कागदावर सही केली. मी परत येणार आहे. हे मृत्युपत्र म्हणजे फ्यूज. तो उडावा म्हणून कोणी बसवत नाही.

कलम पहिले. वरच्या दोन खोल्या, बँकेत जे काही असेल ते आणि खिडकीजवळची माझी खुर्ची माझ्या बायकोची. खुर्चीचा ताबा तिने लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात घेतला होता. आता फक्त कागद होत आहे. खालचे दुकानही मी तिच्याच नावे लिहायला घेतले होते. पण ती खांद्यावरून वाचत होती.

"दुकान माझ्यावर ठेवू नका."

"का?"

"माझा भाऊ आठ दिवसांत तिथे मोबाइलची कव्हरं लटकवेल. आणि मला त्याला नाही म्हणता येत नाही. लहानपणापासून जमलं नाही, आता काय जमणार आहे?"

स्वतःच्या भावाबद्दल इतके स्वच्छ निदान मी कोणत्याही बहिणीच्या तोंडून ऐकलेले नाही. म्हणून दुकान आणि बाक यांचे काय करायचे ते सातव्या कलमात पाहावे.

कलम दुसरे. माझ्या मेहुण्यास नऊ वॅटचा एलईडी परत. शिवाय स्क्रूंनी भरलेली बिस्किटांची बरणी. सव्वीस वर्षांत दुरुस्त करून पुन्हा बंद केलेल्या यंत्रांतून हे स्क्रू उरले. ती यंत्रे त्यांच्यावाचून आजही चालू आहेत, म्हणजे ते जादाच होते असे मी मानतो. मेहुण्याची एक चांगली बाजूही नोंदवतो. काढलेला बल्ब त्याने फेकला नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला. बल्बाला दुखापत नाही.

कलम तिसरे. हत्यारे. माझ्या नावाला भुलून येणाऱ्यांना वाटते की माझ्याकडे पडद्यांवर रेघा नाचवणारी मोठी यंत्रे असतील. माझ्याकडे आहे एक मीटर, एक सिरीज बोर्ड, एक रेडिओ, एक हेडफोन आणि एक बोट. हेडफोनच्या एका वायरीला कंडेन्सर जोडून पुढे सुई लावली आहे. तिला मी ऐकणी म्हणतो. मुका अँप आला की त्याच्या तोंडाशी रेडिओचे गाणे सोडायचे आणि ऐकणी घेऊन एकेक टप्पा पुढे जायचे. इथे गाणे आहे. इथेही आहे. इथे नाही. मग दोष या दोन जागांच्या मध्येच कुठेतरी दडलेला. यापलीकडे या विद्येत काही नाही. बाकीचा सगळा भाव आहे, आणि तो मी नेहमीच व्यवस्थित खाल्ला.

डोळ्याला लावायचे भिंग समोरच्या घड्याळवाल्यास, कारण पंधरा वर्षे तो "एक मिनिट देता का" म्हणून ते नेतो आणि त्याचे मिनिट किती लांब असते हे पाहता त्याच्याकडे कोणी घड्याळ द्यावे याचे मला नवल वाटते. (हे वाक्य बाद. वकीलबाई म्हणाल्या, जो साक्षीदार म्हणून सही करेल त्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. ठेवले तर ते ठेवणे फुकट. घड्याळवाल्याने साक्षीदार व्हायचे आधीच कबूल केले होते. तो आता माझ्याशी तुटक बोलतो.)

कलम चौथे. फळीवर चार अँप पडून आहेत. त्यांचे मालक "उद्या नेतो" म्हणून गेले. सर्वांत जुना उद्या नऊ वर्षांचा आहे. मालक आले तर यंत्र द्यावे आणि माझ्या वतीने एकदा तोंडाकडे रोखून पाहावे.

कलम पाचवे. शंभर वॅटचा बल्ब मी कोणालाही ठेवत नाही. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितले की जे आपले नाही ते माणसाला ठेवता येत नाही. तो बल्ब माझा नाही. दुकान उघडले त्या पहिल्या दिवशी सिरीज बोर्ड तयार होता आणि बल्ब आणायचा राहिला होता. माझ्या भागीदाराने घरी जाऊन जिन्यातला बल्ब काढून आणला. "आज चालव. उद्या परत नेतो, आई अंधारात पडेल." त्याच्या आईने दुसऱ्या दिवशी नवा बल्ब विकत आणला आणि हा इथेच राहिला.

भागीदार म्हटले म्हणजे आता सहावे कलम टाळता येत नाही. मी तीन वेळा टाळून पाहिले. मधल्या कलमांत एवढी चेष्टा आहे ती त्यामुळेच.

कलम सहावे. माझ्या भागीदाराला सगळे थांब्या म्हणतात. कोणतीही गोष्ट करण्याआधी तो "थांब, थांब" म्हणायचा. पंधरा वर्षे आम्ही एका बाकावर काम केले आणि आमचा एक नियम होता: मोजणाऱ्याने जोडायचे नाही, जोडणाऱ्याने मोजायचे नाही. एकाची चूक दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जावी यासाठी. मी मोजायचो. तो डाग द्यायचा. सोल्डरचा असा डाग मी नंतर पाहिला नाही. गुळगुळीत, चमकदार, तांदळाच्या दाण्याएवढा.

अकरा वर्षांपूर्वी नाट्यगृहाचा मोठा अँप आला. फ्यूज टिकत नव्हता. संध्याकाळी प्रयोग होता आणि व्यवस्थापक आमच्या दारातच खुर्ची टाकून बसले होते. थांब्याने सकाळी आतले काही भाग बदलले होते. मग मी मीटर घेतला आणि शेवटचे आठ मोठे ट्रान्झिस्टर एकेक करून तपासले. शॉर्ट असला की मीटर शिट्टी वाजवतो. एकावरही शिट्टी वाजली नाही. मी जाहीर केले, "आठही ठणठणीत."

मग अँप सिरीज बोर्डावर लावला आणि बल्ब लख्ख पेटला. पेटून तसाच राहिला.

"थांब," तो म्हणाला. "बल्ब शॉर्ट सांगतोय."

"मीटर नाही सांगत."

"मग दोघांतला एक खोटं बोलतोय. थांब जरा, पुन्हा मोज."

"एवढ्या मोठ्या अँपला शंभरचा बल्ब पुरत नाही रे. पेटणारच तो. तुझ्या आईच्या जिन्यातला बल्ब खरा आणि माझा नवा मीटर खोटा?"

व्यवस्थापक हसले. मला ते हसणे आवडले. मी म्हणालो, "लाव थेट." स्विच थांब्याच्या बाजूला होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि लावला.

आमच्या धंद्यात म्हण आहे की फ्यूज वाचावा म्हणून ट्रान्झिस्टर स्वतः जळतो. त्या दिवशी ट्रान्झिस्टरही जळले, बोर्डही काळा पडला आणि जोडलेला नाट्यगृहाचा स्पीकर धूर सोडून गप्प झाला. प्रयोग रद्द झाला. व्यवस्थापकांनी विचारले, "कोणी चालू केला?" मी म्हणालो, "स्विच याच्याकडे होता." यातला शब्दन् शब्द खरा आहे. मग त्यांनी विचारले की झाले तरी काय, आणि मी म्हणालो, "सकाळी डाग देताना सोल्डरचा थेंब कुठेतरी सांडला असेल." बोर्ड इतका जळाला होता की त्यावरून काहीच सिद्ध होणार नव्हते. मला तेवढेच हवे होते.

थांब्याने अंगातला एप्रन काढला, घडी केली, स्टुलावर ठेवला आणि गेला. कुठेही न थांबता.

चार महिन्यांनी मी एक साधा पंख्याचा रेग्युलेटर तपासत होतो. मीटरची काळी वायर बाकाच्या कडेवरून खाली वाकली आणि आकडा नाहीसा झाला. वायर सरळ केली, आकडा परत. आवरणाच्या आत, टोकापासून दोन बोटांवर, तांब्याचे धागे तुटले होते. सरळ धरली की ती चालायची, वाकली की मेलेली. मेलेल्या वायरीचा मीटर कशावरच शिट्टी वाजवत नाही. आठ शॉर्ट ट्रान्झिस्टर त्याच्यापुढे ठेवले तरी तो आठांनाही ठणठणीत म्हणेल. मीटर हातात घेतला की आधी त्याची दोन टोके एकमेकांना लावायची, शिट्टी वाजली तरच पुढे जायचे, हे या धंद्यातले पहिले अक्षर. त्या दिवशी व्यवस्थापक बघत होते. मी ते अक्षर गाळले.

वायर मी पत्र्याच्या डबीत ठेवली, नवी आणली आणि कोणाला सांगितले नाही. तेव्हापासून शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी दरडावतो, "आधी टोकाला टोक!" लोकांना ती माझी शिस्त वाटते.

थांब्या आता दोन गल्ल्या पलीकडे इस्त्र्या आणि पंखे दुरुस्त करतो. "तोच ना, नाट्यगृहाचा स्पीकर जाळणारा?" असे लोक अजून विचारतात. तेवढेच असते तर मी कदाचित निर्लज्जपणे जगलो असतो. पण गेल्या वर्षी आमची इस्त्री बायकोने त्याच्याकडे दिली. परत आली ती मी उघडून पाहिली. आतला प्रत्येक जोड स्क्रूने आवळलेला किंवा पीळ देऊन बसवलेला. मग शेजाऱ्यांचा टेबलफॅन उघडला. तसेच. त्याच्या कामात कुठेही डाग नाही. मी रचलेला तो सोल्डरचा थेंब त्याने खरा मानला होता.

तेव्हा मी येथे लिहून देतो: दोष माझ्या वायरीत होता, मोजण्यात होता आणि नंतर तोंडात होता. त्याचा डाग निर्दोष होता. माझ्या माघारी हे कलम नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम सातवे. दुकान, बाक, मीटर, सिरीज बोर्ड आणि ऐकणी हे सर्व थांब्यास.

एवढे लिहून मी काल वकीलबाईंना दाखवले. त्यांनी चष्मा खाली केला. "कायद्याने ठीक आहे. पण तुम्ही तर म्हणता की परत येणार. मग याला हे कळणार कधी?"

मी म्हणालो, "योग्य वेळी."

"म्हणजे तुम्ही ऐकायला नसाल तेव्हा."

वकिलांना यासाठीच पैसे देऊ नयेत.

पुरवणी. आज बुधवारी सकाळी मी दोन गल्ल्या चालत गेलो. डॉक्टरांनी चालायला सांगितलेच होते. थांब्या एका पंख्याचे पाते पुसत होता. केस पिकलेत, बाकी तोच.

"साक्षीदार हवाय," मी म्हणालो. "मृत्युपत्राला."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "मरतोयस?"

"नाही. शुक्रवारी ऑपरेशन आहे."

"घड्याळवाला मेलाय?"

"तो एक आहे. दुसरा लागतो."

तो आला. आपल्या जुन्या स्टुलावर बसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. थांब्या वाचतोही थांबत थांबत. एलईडीशी तो हसला. सहाव्या कलमाशी आल्यावर पान उलटेना. घड्याळवाला हळूच उठून दाराकडे निघाला तेव्हा माझ्या बायकोने "बसा हो, सही राहिलीये," म्हणून त्याला खाली बसवले.

"वायर कुठाय?" थांब्याने विचारले.

मी डबी दिली. त्याने वायर मीटरला लावली. टोकाला टोक. पीं. वाकवली. गप्प. सरळ केली. पीं. वाकवली. गप्प. असे त्याने पाच-सहा वेळा केले, जणू ती कधीतरी वेगळे उत्तर देईल.

"म्हणजे माझा डाग नव्हता."

"नव्हता."

"कधी कळलं तुला?"

"चार महिन्यांनी."

"आणि सांगतोयस कधी?"

"आज."

"लोक मला थांब्या म्हणतात," तो म्हणाला. "काय गंमत आहे." मग त्याने वायर बाकावर ठेवली. "पोरीच्या खेळण्याची तार सुटली होती. चिमूटभर काम. डाग द्यायचं आयर्न तापवलं, हातात घेतलं आणि ठेवून दिलं. पीळ देऊन दिली तिला. दोन दिवसांत पुन्हा सुटली. म्हणाली, बाबा, तुम्हाला येत नाही का? मी म्हटलं, नाही येत."

मी रिकाम्या डबीचे झाकण लावले. हीही नोंद व्हावी.

"माफ कर," मी म्हणालो.

"आत्ता नाही करणार. मला आधी नीट रागवायचंय. अकरा वर्षांचं आहे, घाईत उरकणार नाही. आणि तू निघालास ऑपरेशनला. अशा माणसावर कोणी धड रागवू तरी शकतं का? ये परत, मग बघतो तुझ्याकडे."

"येतो. बाक तुला ठेवलंय, ते वाचलंस ना?"

"वाचलं. नको. मेल्यावर मिळणारं तर मुळीच नको. तूच लिहिलंयस ना, साक्षीदाराला काही मिळत नाही? मला साक्षीदार म्हणून आणलंस. मी सही करणार."

"अरे, मग दुकान हिच्यावर जाईल आणि तिथे कव्हरं लटकतील!"

"तर मग मरू नकोस," तो म्हणाला. "आयर्न तापव."

मी तापवले. त्याने काळी वायर तुटलेल्या जागेच्या मागे कापली, आवरण सोलले, धागे पिळले, टोकाच्या सुईत बसवले. त्याने आयर्न उचलले. तो थांबला. आम्ही तिघेही थांबलो. घड्याळवालासुद्धा, ज्याला घाई कधी नसतेच. मग त्याने डाग दिला. फुंकर मारली नाही, आपोआप थिजू दिला.

वायर माझ्यापुढे सरकवली. "मोज."

मी टोकाला टोक लावले. पीं. वाकवली. पीं. बोटाभोवती गुंडाळली. पीं.

"हं," थांब्या म्हणाला. "पेन आण."

तेव्हा सातवे कलम रद्द, आणि दुकान-बाकाचा निर्णय मी परत आल्यावर दोघे भांडून करू. तोवर किल्ली थांब्याकडे. किल्ली ठेवायला दिली आहे, मृत्युपत्रातून दिलेली नाही, वकीलबाईंनी गैरसमज करून घेऊ नये. सहावे कलम माघारी वाचून दाखवण्याची गरज नाही. नाट्यगृह उद्या दहाला उघडते. मी स्वतः जाऊन वाचतो.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचले, आणि पुढील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

सही: अँप्लिफायरवाला

साक्षीदार पहिला: समोरचा घड्याळवाला (भिंगाबद्दलची नाराजी राखून)

साक्षीदार दुसरा: थांब्या, डाग देणारा

ठिकाण: दुकान, बाकाची डावी बाजू

दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा बुधवार, सकाळचे साडेअकरा, घड्याळवाल्याच्या घड्याळात अकरा वीस

सहीनंतर: थांब्या निघाला तेव्हा मी ड्रॉवर उघडून वर्तमानपत्रातली गुंडाळी काढली. शंभर वॅटचा बल्ब त्याच्यासमोर मीटरवर धरला; तार शाबूत होती. पुन्हा गुंडाळून त्याच्या हातात दिला. "उद्या परत नेतो म्हणाला होतास." त्याने तो कानाशी हलवून पाहिला, खिशात घातला आणि गेला. बोर्डावर सध्या एलईडी आहे. मी परत येईपर्यंत त्यावर कोणीही काहीही लावू नये.